आजीच्या डब्यातला कलदार: सहाव्या जॉर्जचा रुपया कसा ओळखायचा

मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. १०० कलदारांना साधारण ११६ हाली पडत. म्हणून जुन्या डब्यातून दोन्ही निघतात. चारमिनार दिसला तर हाली, राजाचा चेहरा असला तर कलदार.

आधी चेहरा बघा. दाढी आणि शाही झगा असेल तर पाचवा जॉर्ज. गुळगुळीत गाल, नुसतं मुकुट घातलेलं डोकं आणि मान असेल तर त्याचा मुलगा सहावा जॉर्ज. दोघांचीही तोंडं डावीकडेच. खरं तर नव्या राजानं आधीच्याच्या उलट बाजूला बघायचं, अशी इंग्रजी नाण्यांची रीत. पण मधे आठवा एडवर्ड येऊन गेला. त्यानं डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, त्याची पाळी उजवीकडची धरली गेली आणि धाकट्या भावाचं तोंड पुन्हा डावीकडे आलं. हा धाकटा लाजाळू, बोलताना अडखळणारा. १९२६ पासून लायोनेल लोगकडे बोलण्याचे धडे घेत होता. गादी त्याला नको होती, तरी १२ मे १९३७ ला मुकुट डोक्यावर आलाच.

आता साल. १९३८ आणि १९३९ च्या रुपयात चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ मध्ये निम्मीच, कारण महायुद्धात चांदी पुरेना. १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा, चुंबकाला चिकटतो. वजन मात्र तिन्हींचं ११.६६ ग्रॅम, त्यामुळे नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नका. कड फिरवून बघा: १९४० नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेला रेघांच्या मधोमध वेगळी कोरीव पट्टी असते, आधीच्यांना नुसत्या रेघा. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून १९३८ मधला ८ खरवडून ९ करतात. शेवटचा आकडा भिंगाखाली बघाच.

माळेत ओवलेल्या रुपयाच्या वरच्या कडेला डाकाचा डाग राहतो, त्यानं किंमत खाली येते.

चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका. काळपटपणा घासला की वरचा बारीक उठाव जातो, तो परत येत नाही. तेलकट असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, न पुसता वाळू द्या. मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवलं तर हिरवा चिकट थर येतो. कागदी चौकट बरी. हातात घेताना कडेलाच धरा.