माल कुठे साचतोय ते आधी बघा : जुन्या पीसीवर नवे गेम

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या लाईनवर टर्निंग, ड्रिलिंग आणि ग्राइंडिंग एकापाठोपाठ चालतं. लाईन कुणामुळे रखडलीय हे ओळखायला घड्याळ लागत नाही. ज्या मशीनसमोर जॉबचे क्रेट साचलेत, ते मशीन. अशा वेळी टर्निंगचा स्पीड वाढवला तर ग्राइंडिंगपुढचा ढीग मोठा होतो, संध्याकाळच्या गाडीत माल तेवढाच जातो. पीसीवर गेम अडकतो तेव्हाही असंच असतं.

सिडकोत आमच्या मागच्याच गल्लीत माझी बहीण राहते. तिचा मुलगा अकरावीला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आला तोच विचारत, "मामा, ग्राफिक्स कार्ड बदलायचं का? रेड डेड टू लई अडकतोय." रेड डेड टू म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २, घोडेस्वारांचा गेम. त्यात घोडा दौडत शहरात शिरला की चित्र थिजायचं, आवाजही तुटायचा. सगळी सेटिंगं त्याने लो केली होती, रिझोल्युशन ७२० वर आणलं होतं, तरी फरक नाही. पीसी म्हणजे डेलचा जुना ऑफिसातला ऑप्टिप्लेक्स ७०१०, मिनी टॉवर. आत आय५-३४७० प्रोसेसर, २०१२ सालचा, चार कोर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). ८ जीबीची एकच रॅम, साधी हार्ड डिस्क आणि सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी मेमरीचं. असाच किंवा याच्या आसपासचा पीसी तुमच्याकडे असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

रुपया खर्च करण्याआधी मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजमाप करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्यासोबतच आकडे गेमवर दाखवणारं रिव्हाट्यूनर येतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसू द्या: कार्डचा वापर, कार्डची मेमरी, प्रोसेसरचा प्रत्येक कोर वेगळा, रॅम, दोन्हींचं तापमान आणि फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळेचा, आलेख. मग गेममधल्या सगळ्यात जड जागी जा. रेड डेडमध्ये ती जागा म्हणजे सेंट डेनिस शहर. सुरुवातीच्या बर्फाळ डोंगरात मोजून काही कळत नाही, तिथे माणसंच नसतात.

भाच्याच्या पीसीवर आकडे असे आले: कार्ड ५५ ते ६० टक्के, चारही कोर १००, रॅम जवळजवळ भरलेली. म्हणजे कार्ड जवळजवळ निम्मा वेळ रिकामं बसून होतं. ढीग प्रोसेसरसमोर होता. रिझोल्युशन उतरवून त्याने कार्डचं काम आणखी हलकं केलं होतं, म्हणजे टर्निंगचा स्पीड वाढवला होता. नवीन कार्ड घेतलं असतं तर पैसे गेले असते आणि अडकणं तसंच राहिलं असतं.

एवढंच ध्यानात ठेवा. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डची. रिझोल्युशन, सावल्या, धुकं, प्रतिबिंबं कमी करा. कार्ड ८० च्या खाली आणि कोर भरलेले असतील तर अडचण प्रोसेसरची; तिथे रिझोल्युशन उतरवून उपयोग नाही. रॅम भरलीय आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवतेय, तर आधी रॅम आणि एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क).

प्रोसेसरच्या अडचणीवरचा पहिला उपाय फुकटचा आहे आणि पोरांना तोच पटत नाही: फ्रेम बांधून टाका, म्हणजे सेकंदाला किती चित्रं यायची ते ठरवून टाका. रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमरेट लिमिट ३० करा. भाचा म्हणाला, "पण मामा, मधूनमधून ५० येतात ना!" येतात, आणि पुढच्याच क्षणी १८ होतात. आमच्याकडे शंभर जॉबचं सरासरी माप बरोबर आलं म्हणून लॉट पास होत नाही. प्रत्येक जॉब टॉलरन्समध्ये लागतो. फ्रेमचंही तसंच. ३० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेम तेवढ्याच वेळाने आली तर डोळा तक्रार करत नाही. एक २० मिलिसेकंदांत आणि दुसरी ८० मध्ये आली की हिसका बसतो, सरासरी कितीही असो. म्हणून फ्रेमच्या आकड्यापेक्षा आलेखाकडे बघा, रेघ सपाट हवी. ३० वर बांधल्यावर कोर १०० वरून ८०-८५ वर उतरले, आणि आवाज तुटायचा थांबला. साध्या ६० हर्ट्झ मॉनिटरवर ४० बांधू नका. ६० ला ४० ने भाग जात नाही, त्यामुळे हालचाल लंगडते.

आता रॅम. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर नुकसान दुहेरी होतं: जागा कमी, आणि मेमरीचा रस्ताही एकपदरी. १६०० ची डीडीआर३ (या पीसीत बसणारी रॅम) एका चॅनेलवर सेकंदाला १२.८ जीबी नेते, दोन चॅनेलवर २५.६. तेव्हा दुसरी ८ ची पट्टी घ्या आणि दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलच्या खाचांत बसवा. डेलमध्ये पांढऱ्या क्लिपच्या दोन खाचा आधी भरायच्या. इथे मी स्वतः फसलो. एका दुकानातून स्वस्तात डीडीआर३ आणली, बसवली, तर पॉवर बटणावर नुसता नारिंगी दिवा. पट्टी फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी निघाली. बाजारात अशा पट्ट्या भरपूर आहेत आणि किंमत कमी दिसली की हात तिकडेच जातो. विचारून घ्या, आणि जमलं तर पीसी सोबत नेऊन तिथेच लावून बघा. मला दोन चकरा पडल्या आणि पैसे काही परत मिळाले नाहीत.

एसएसडीचं थोडक्यात: साटाचीच, म्हणजे केबलने जोडायची घ्या, या बोर्डावर एम डॉट टूची (थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडीची) खाच नाही. साटाचे सगळे पोर्ट सारखे नसतात, दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे आहेत. ० आणि १ लिहिलेल्यांपैकी एकात लावा. रेड डेडला १५० जीबी जागा लागते, म्हणून २५६ ची घेऊन विंडोज आणि एक मोठा गेम, एवढंच धरून चाला.

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेली असते. भाच्याचा प्रोसेसर ९४ अंशांवर होता. झाकण काढलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांत धुळीची गादी बसलेली, बोटाने उचलली तर नमद्यासारखी अख्खी निघाली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरला की बेअरिंग जातं. हीटसिंकचे चार स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसले, मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, आणि स्क्रू पुन्हा तिरक्या क्रमानेच आवळले. त्याच संध्याकाळी, गेममधल्या त्याच शहरात, ७१ अंश. पीसी कपाटाच्या कप्प्यात कोंबलेला असेल तर बाहेर काढा. जमिनीवरही ठेवू नका, झाडूची सगळी धूळ तो ओढतो.

आता सेटिंगं. सरसकट लो करणं ही चूक आहे. रेड डेडमध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र) अल्ट्रावर ठेवा; त्याखाली जमीन आणि कपडे चिखलासारखे दिसतात, आणि आपल्या कार्डच्या ४ जीबीत ते मावतं. व्हॉल्युमेट्रिकची (धुकं, ढग, प्रकाशझोत) सगळी सेटिंगं लो, पाण्याचं फिजिक्स निम्म्याच्या खाली, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, गवताचं अंतर कमी, प्रतिबिंबं लो. ग्राफिक्स एपीआय (गेम कार्डशी ज्याच्यामार्फत बोलतो ते) व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२, दोन्ही लावून आलेख बघा. आमच्याकडे व्हल्कनची रेघ सपाट आली. एवढं करून कार्ड ९९ ला भिडलं तर एफएसआर २ क्वालिटीवर लावा. तेव्हा गेम आतून १२८० बाय ७२० ला चित्र काढतो आणि १०८० ला वाढवून देतो. परफॉर्मन्सवर जाऊ नका, ९६० बाय ५४० मधून काढलेल्या चित्रात घोड्याची आयाळ आणि गवत विरघळून जातं. फ्रेम जनरेशनच्या मागेही लागू नका. खऱ्या ३० फ्रेम असताना मधल्या खोट्या फ्रेम घातल्या की माउस जड होतो, आणि आधीच भरलेल्या कार्डवर आणखी एक काम पडतं.

सायबरपंक २०७७ मध्ये प्रोसेसरवरचा भार उतरवायचा असेल तर गेमप्लेच्या पानावर क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) लो करा. ग्राफिक्सच्या पानावर ते सापडत नाही, म्हणून बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

कार्ड घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी. ऑप्टिप्लेक्सचा पॉवर सप्लाय २७५ वॅटचा आहे, म्हणून वेगळी पॉवर वायर न लागणारं, खाचेतूनच ७५ वॅट घेणारं कार्ड घ्या. कन्व्हर्टर जोडून मोठं कार्ड चालवू नका, सप्लाय जळताना बोर्डही घेऊन जातो. आणि १०५० टीआय सांगून जुनं कार्ड गळ्यात मारतात. मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर हात लावू नका, त्या पिढीच्या चिपमध्ये व्हीजीए नाहीच. दुकानातच जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, ७६८ शेडर (कार्डमधले हिशोब करणारे छोटे भाग) दिसले पाहिजेत.

काही गेम मात्र या पीसीवर चालणार नाहीत, त्यांच्यावर पैसे घालू नका. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावली काढायचं) हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. काही नव्या गेमना एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा एक संच) लागतं, ते इंटेलच्या चौथ्या पिढीपासून आलं. आपला ३४७० तिसऱ्या पिढीचा आहे. शंका असेल तर स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) घ्या आणि पहिल्या दोन तासांत जड जागी पोहोचा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात.

सगळं जमल्यावर मशीनवर असते तशी सेटअप शीट लिहा. भाच्याच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: गेमचं नाव, प्रत्येक सेटिंग, ड्रायव्हरचा नंबर, पेस्ट बदलल्याची तारीख आणि सेंट डेनिसच्या बाजारात आलेलं तापमान. अपडेटनंतर गेम पुन्हा अडकायला लागला की तो आधी कागद बघतो, मग मला हाक मारतो.