ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नव्याने उभं राहताय? मग या चुका टाळा

ओटीत माझी बरीच वर्षं गेली, आधी फ्लोअर नर्स आणि मग स्क्रब नर्स, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स, म्हणून, आणि दर नवी बॅच आली की त्याच त्या चुका परत बघायला लागतात. मुलं हुशार असतात हो, पण घाई फार. पहिल्याच दिवशी सगळ्यांना टेबलाजवळ घुसून जखमेत काय चाललंय ते बघायचं असतं, आणि आपल्या मागे हत्यारांची उघडलेली ट्रॉली आहे आणि गाऊन घातला तरी आपली पाठ स्टराईल, म्हणजे जंतुरहित, नसते, हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

आधी कोण कोण आहे ते ओळखा. सर्जन, असिस्टंट आणि स्क्रब नर्स हात धुऊन गाऊन-ग्लोव्ह घालतात, त्यांनी स्टराईल सोडून कशालाही हात लावायचा नाही. भूलतज्ज्ञ, टेक्निशियन आणि फ्लोअर नर्स स्क्रब झालेले नसतात, त्यांनी स्टराईल भागापासून निदान ३० सेंटीमीटर लांब राहायचं. फ्लोअर नर्स म्हणजे सामान आणून देणारी असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मला याचा मनापासून राग येतो. सर्जनची नजर जखमेत, माझी ट्रॉलीवर, भूलतज्ज्ञांची मॉनिटरवर, अख्ख्या खोलीवर लक्ष असतं ते तिचंच. ती म्हणाली "डॉक्टर, ग्लोव्ह बदला", तर "नाही नाही, लागलं नाही" करत बसू नका, बदला.

आता सगळ्यात वाईट चूक. स्टराईल नसलेल्या कशाला तरी हात लागला, आपल्याला कळलं, आणि आपण गप्प बसलो.

हाडाची केस होती, प्लेट आणि स्क्रू बसवायचे होते. असिस्ट करायला एक नवीन मुलगा होता. लाईट सरकवताना त्याची बोटं स्टराईल कव्हरच्या वर, लाईटच्या उघड्या कडेला लागली. मी तेव्हा खाली बघून सेट लावत होते, फ्लोअर सिस्टर सलाईन आणायला वळलेली, त्यामुळे कोणीच बघितलं नाही, आणि हा काही बोलला नाही. वीसेक मिनिटांनी त्याचा चेहरा इतका उतरला की मीच विचारलं, बरं वाटत नाहीये का, तेव्हा कुठे तोंड उघडलं. तोपर्यंत त्याच ग्लोव्हने त्याने रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरलेला, सक्शन (रक्त ओढून घेणारी नळी) धरलेलं, माझ्या ट्रॉलीवरून दोन वस्तू उचललेल्या आणि स्क्रूच्या रॅकलाही हात लावलेला. लागलं तेव्हाच बोलला असता तर एका मिनिटाचं काम होतं. आता सगळ्यांचे ग्लोव्ह, त्याचा गाऊन, सगळी ट्रॉली बदलली, आणि स्क्रूचा दुसरा सेट तयार नव्हता म्हणून जखम ओल्या मॉपने (रक्त टिपायच्या कापडाने) झाकून आम्ही ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनची, वाट बघत उभे, पेशंट मात्र तेवढा वेळ फुकटचा भुलीखाली. प्लेटच्या केसमध्ये चालवून घेता येत नाही, कारण धातूवर जंतू एकदा चिकटले की त्यांचा चिकट थर तयार होतो, त्यावर अँटिबायोटिक नीट चालत नाही, आणि पुढे कित्येकदा ती प्लेटच काढायला लागते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्याला शिकवते की बोलताना माणसाचं नाव घ्यायचं नाही, वस्तूचं घ्यायचं. "उजवा ग्लोव्ह गेला." "ट्रॉलीचा कोपरा गेला." असं बोललं की कोणाला लाज वाटत नाही आणि कोणी वाद घालत नाही. लागलं की नाही अशी नुसती शंका असली तरी ती वस्तू अनस्टराईलच धरायची. ग्लोव्ह बदलताना हात पुढे करा, तो फ्लोअर नर्सला काढू द्या आणि नवीन स्क्रब नर्सकडून घालून घ्या. बाहीचा कफ बोटांवर खाली ओढून आपणच घालायला जाऊ नका, ग्लोव्हच्या आत राहिलेला कफ स्टराईल धरत नाहीत.

हात नसतील चालत तेव्हा छाती आणि कंबर यांच्या मधे समोर ठेवा. थंडी वाजते म्हणून हाताची घडी घालून बोटं काखेत घालणारे मी शेकड्याने बघितलेत. गाऊनची काख घामाने भिजते आणि कोणाला दिसतही नाही, ती स्टराईल नाहीच. स्टराईल म्हणजे समोरचा छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतचा भाग आणि कोपराच्या थोडं वरपासून खालची बाही, बस.

टेबलावरून लटकलेली सक्शनची नळी परत वर ओढून घेऊ नका.

एकमेकांना ओलांडताना समोरासमोर नाहीतर पाठीला पाठ करून जा.

स्पिरिटवालं औषध त्वचेवर लावलं की ते आपोआप वाळू द्या. गॉझने पुसून वेळ वाचवणाऱ्यांना सांगते, जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच, आणि खाली साचलेल्या स्पिरिटवर कॉटरीची (विजेवर जाळून रक्त थांबवायच्या हत्याराची) ठिणगी पडली तर आग लागते.

आता काउंट, हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. मॉप, गॉझ, सुया आणि हत्यारं चिरा द्यायच्या आधी मोजायची, पोट बंद करायच्या आधी मोजायची, त्वचा शिवायच्या आधी परत मोजायची, आणि ते स्क्रब नर्स आणि फ्लोअर नर्स दोघींनी मिळून, मोठ्याने, फळ्यावर लिहून. एका केसमध्ये एक मॉप कमी भरला. सर म्हणाले बादलीत असेल, मी शिवायला घेतो. मी म्हटलं, सर, मॉप मिळाल्याशिवाय मी सुई देणार नाही. बादली उपडी केली, ड्रेपच्या (पेशंटवर घातलेल्या स्टराईल चादरीच्या) घड्या उलगडल्या, पोटात परत हात घालून बघितलं, शेवटी टेबलावरच एक्स-रे काढला, मॉपमधला धागा त्यात दिसतो म्हणून. पोट रिकामं. मॉप सापडला पेशंटच्या उशीखाली! डोक्याकडे उभ्या असलेल्या नवीन टेक्निशियनने तोंडातली लाळ पुसायला तो उचलला होता, ड्रेपच्या कडेला पडलेला दिसला म्हणून, आणि काउंटमधली वस्तू हलवली तर सांगायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चूक त्याची कमी आणि आमची जास्त, कारण सुरुवातीला नाव आणि काम सांगायचं असतं ते आम्ही त्या दिवशी उरकून टाकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली त्यात हे आहे, चिरा द्यायच्या आधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगायची. २००९ मध्ये ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांचे आकडे छापून आले, चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं होतं. तरी अजून लोक केस संपल्यावर चेकलिस्टवर एकदम सगळीकडे टिक मारतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

राहिला ऑटोक्लेव्ह. हत्यारांच्या पॅकवरच्या टेपवर काळे पट्टे आले म्हणजे पॅक उष्णतेतून गेला एवढंच कळतं, आतपर्यंत वाफ पोचली का हे आतली इंडिकेटरची पट्टी बघूनच ठरवा. घाईत गच्च भरलेल्या मशीनमधून पॅक ओले निघतात आणि ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, म्हणून बाहेरून कितीही नीट दिसला तरी ओला पॅक अनस्टराईल. मी मुख्य सेट पेशंटला भूल द्यायच्या आधीच उघडून आतली पट्टी बघते, म्हणजे थेंब दिसले तर दुसरा सेट मागवायला वेळ असतो आणि कोणी "चालेल, घ्या आता" म्हणायची वेळच येत नाही.