तालुक्याची गणित कार्यशाळा घेताय? आधी वह्या मागवा

हॉल, सतरंज्या, पाणी, चहा हे सांगायला नको. माईक नसला तरी चालेल. ज्याचा आवाज चाळीस माणसांपर्यंत पोचत नाही असा प्राथमिक शिक्षक मला अजून भेटायचाय.

तारीख ठरवताना शिष्यवृत्ती परीक्षा आणि आपल्या केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद बघून घ्या. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आठवडाभर आधी शाळेत पोचलं पाहिजे. आणि त्या पत्रात, खालच्या टीपेत नव्हे, वरच्या मजकुरात लिहा: येताना आपल्या वर्गातल्या पाच मुलांच्या गणिताच्या वह्या आणाव्यात. गेल्या वेळी माझं नेमकं हेच लिहायचं राहिलं. दोन दिवस मुलांबद्दल बोललो आणि खोलीत मुलाच्या हातचा एक आकडा नव्हता. मग व्हायचं तेच झालं. ‘पाया कच्चा आहे’, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही’, जेवणाची सुट्टी.

कोणत्या वह्या, तेही लिहा. नाहीतर कव्हर घातलेल्या, फळ्यावरून उतरवलेल्या, लाल शाईत ‘छान’ लिहिलेल्या येतात. त्या बिनकामाच्या. कच्ची वही हवी, चाचणीचा पेपर चालेल, पण त्यात चुका हव्यात. साहेबांना दाखवायच्या नाहीत, हे स्पष्ट सांगा. ही भीती गेल्याशिवाय खरी वही पिशवीतून बाहेर येत नाही. झेरॉक्स काढणार असाल तर मुलांची नावं झाका.

एवढा आग्रह का? एका मुलाने ५२ − २७ = ३५ लिहिलंय. शिक्षक म्हणणार, हातचा घ्यायला विसरला. त्याच पानावर खाली बघा: ४१ − १८ = ३७, ६३ − २९ = ४६. विसरलेलं मूल तिन्ही वेळा तसंच विसरत नाही. त्याने स्वतःचा नियम केलाय, एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा. त्याला ‘नीट बघ’ म्हणून काय होणार? त्याच्यासमोर पाच दशक दांडे (दहा-दहाचे) आणि दोन सुटे ठेवून सत्तावीस मागायला हवेत. तीनशे चार ३००४ असं लिहिणारा, सत्तेचाळीसचे ७४ करणारा, १/२ + १/३ = २/५ म्हणणारा, ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं ठरवणारी, सगळ्यांमागे असंच काहीतरी असतं. आणि ते पान समोर असल्याशिवाय चर्चा तिथवर जात नाही, कितीही चांगला तज्ज्ञ बोलवा.

साहित्य: गणित पेटी आदल्या दिवशी उघडा. शतक पाट (शंभराचे) असतात, सुटे हरवलेले असतात. काड्या आणि रबरबँड घेऊन ठेवा, त्यांचे गठ्ठे बांधून काम भागतं. अपूर्णांकांसाठी गोल कापत बसू नका, कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्या. गोलाचे तीन सारखे भाग करताना मोठ्यांचीही तारांबळ उडते. पाच जणांत एक संच. प्रोजेक्टर असला तर असो, पण सत्र त्याच्या भरवशावर ठेवू नका, वीज जाणारच.

आदल्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाका. कसला ते कळलंच असेल. तरीही निम्मे लोक रिकाम्या हाताने येतील, म्हणून ज्या शाळेत कार्यशाळा आहे तिथल्या तिसरी-चौथीच्या वह्यांचा गठ्ठा आधीच मागून ठेवा. रविवारी घेत असाल तर शनिवारीच मागा. रविवारी वर्ग कुलूपबंद, वह्या मुलांच्या दप्तरात.

उद्घाटन वीस मिनिटांत आटपा. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-लेखन-संख्याज्ञानाची केंद्र सरकारची मोहीम, २०२१ पासून सगळ्यांनी ऐकलीय, त्याची उद्दिष्टं पुन्हा वाचून दाखवू नका. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’चा (एकवीस, बावीस ऐवजी) विषय २०१९ पासून प्रत्येक ठिकाणी निघतो, तुमच्याकडेही निघेल. भांडू द्या दहा मिनिटं, मग ७४ वालं पान पुढे करा आणि विचारा, याचं काय करायचं.

गट करताना एकाच शाळेचे लोक एकत्र बसवू नका. पहिलीच्या बाई आणि आठवीचे सर एका गटात बसले की बरं पडतं. आठवीच्या चुका कुठे रुजल्या ते बाईंना आधी दिसतं. वहीवर आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. हे पाळायला अवघड जातं. पाळा.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नवीन काही सुरू करू नका, लोकांचं लक्ष एसटीकडे असतं. हजेरीपत्रक दोन्ही दिवसांचं, सह्या सकाळीच. अभिप्राय कागदावर घ्या, लिंक कोणी भरत नाही. प्रमाणपत्रावरची नावं तपासा. वह्या शाळेवार बांधून परत, मुलांना उद्या लागणार. चहाचं बिल, झेरॉक्सचं बिल, प्रवास भत्त्याचे फॉर्म, हॉलची किल्ली. बाकी ज्याचं त्याने बघावं.