नवा स्किमर बसवलाय? पहिल्या पंधरवड्यात या चुका टाळा

‘कप भरून वाहतोय, कपाटाखालनं पाणी हॉलमध्ये आलंय, काय करू?’ नवा स्किमर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकमधली घाण फेसावाटे काढून वरच्या कपात जमा करणारं यंत्र, सुरू केल्याच्या पहिल्या रात्री हमखास असा फोन येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच माणसाचा दुसरा फोन: ‘आता कपात थेंबसुद्धा नाही. पीस खराब लागला का? परत पाठवू?’

सांगली-मिरजेत खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे आम्ही मोजकेच, त्यामुळं हे फोन एकमेकांनाच होतात. आणि दहातल्या नऊ वेळा स्किमर चांगलाच असतो. त्याला फक्त रुळायला वेळ हवा असतो, आणि तो वेळ आपण त्याला देत नाही.

आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिलेल्याला स्किमर समजायला फार वेळ लागत नाही. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की मळी वर येते. ती नीट धरावी म्हणून भेंडीचा चिकट रस घालतात, आणि गुळव्या ती मळी वरच्या वर काढून घेतो. स्किमरमध्ये आच नसते, तिथं वर आणायचं काम हवा करते. पंपातली काटेरी चकती हवेचे बारीक तुकडे करते आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. माशांची घाण, उरलेलं खाद्य, शेवाळानं सोडलेला चिकटा यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या कडेला जाऊन चिकटतात. बुडबुडे कपाखालच्या अरुंद भागात, म्हणजे मानेत, चढतात, त्यांच्यातलं पाणी खाली निथळतं, आणि घट्ट झालेला फेस कपात कलंडतो. मिठाच्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत चटकन मिसळत नाहीत. गोड्या पाण्याच्या टँकवर हे यंत्र नीट चालत नाही ते त्यामुळंच.

नव्या स्किमरचा अडथळा असा, की ॲक्रिलिक कापताना, चिकटवताना, साच्यातून काढताना त्यावर तेलकट अंश राहिलेला असतो. शिवाय कोरं प्लॅस्टिक पाणी अंगाला लावून घेत नाही, थेंब त्यावर मोत्यासारखे उभे राहतात. आतून जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर बसेपर्यंत फेस कधी उसळतो, कधी मानेपर्यंत येऊन मोडतो. हा थर बसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, कधी महिनाही लागतो. या काळात फेसाच्या वागण्यावरून कसलाच निष्कर्ष काढू नका.

धुण्याची चूक

मिरजेतल्या एका मित्रानं नवा स्किमर भांड्याच्या साबणानं घासून लख्ख केला. चार दिवस फेस थांबेना. साबण हा फेस करण्यासाठीच बनवलेला पदार्थ आहे, त्याचा अंश सांध्यांत अडकला की निघता निघत नाही, आणि माशांनाही तो घातक. त्याऐवजी बादलीत साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, स्किमर त्यात बुडवून तासभर चालू ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाण्यात चालवा. एवढं पुरे. याच वेळी पंपाचा आवाज ऐकून ठेवा आणि पंपावरची पट्टी वाचा: 220 ते 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. परदेशातून कुणी आणून दिलेला 60 हर्ट्झचा एसी पंप आपल्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावूनही सावकाशच फिरतो. मग तुम्ही कितीही चाव्या फिरवा, फेस पातळच राहणार.

संपातली पाण्याची पातळी

ही चूक मी सगळ्यांत जास्त पाहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

संपात, म्हणजे मुख्य टँकच्या खाली ठेवलेल्या छोट्या टाकीत, बसणारा प्रत्येक स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. बहुतेकांना 15 ते 20 सेंटिमीटर लागतं, पण तुमच्या स्किमरचा आकडा त्याच्या माहितीपत्रकातच बघा. पाणी दोन सेंटिमीटर वर गेलं तरी आतला फेस कपात ढकलला जातो. तेवढंच खाली गेलं की फेस मानेपर्यंत पोचत नाही. माणूस मात्र संपातल्या पाण्याकडं न बघता स्किमरच्या आतलं पाणी वर-खाली करणारी चावी फिरवत बसतो.

सांगलीचा एप्रिल-मे आठवा. पारा चाळिशीला टेकतो, टँक थंड ठेवायला आपण पाण्यावर पंखे लावतो आणि पाणी झपाट्यानं उडतं. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या, मधे आडव्या काचा नसलेल्या संपातून तीन लिटर पाणी उडालं तर पातळी दीड सेंटिमीटरहून जास्त उतरते. सकाळी टँकमध्ये पाणी भरल्यावर स्किमर उसळतो, रात्रीपर्यंत मुका होतो, आणि आपण म्हणतो याला काही धरबंध नाही. तो बिचारा पातळीमागं धावत असतो.

उपाय दोनच. स्किमरचा कप्पा आडव्या काचेनं वेगळा करा, म्हणजे त्यातलं पाणी काचेच्या उंचीवर कायम राहतं आणि कमी-जास्त फक्त परतीच्या (पाणी वरच्या टँकमध्ये नेणाऱ्या) पंपाच्या कप्प्यात होतं. किंवा पाणी आपोआप भरणारं यंत्र लावा. संप आधीच बनलेला असेल आणि पाणी जास्त खोल असेल, तर स्किमरखाली ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा पाट करून त्याला उचलून घ्या. लोखंडाचं काही वापरू नका. संपाच्या काचेवर पातळीची एक रेघ मार्करनं मारून ठेवा. पहिल्या महिन्यात ही रेघ तुमचे निम्मे प्रश्न सोडवेल.

चावीवरून हात काढा

पहिल्यांदा मी स्वतः स्किमर बसवला तेव्हा दर तासाला चावी फिरवत होतो. फेस वर आला की उघड, खाली गेला की बंद कर. आठ दिवसांनी मला एवढंही सांगता येत नव्हतं, की हा फेस स्किमरचा आहे की माझ्या हाताचा. दुसऱ्या वेळी चावी पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे आतलं पाणी सगळ्यांत खाली. हवा पूर्ण चालू, आणि पहिले चार दिवस काही केलं नाही. टँकमध्ये बारीक बुडबुडे पसरले, पाणी धुरकट दिसलं, तेही चालवून घेतलं. सहाव्या दिवशी मानेत तपकिरी कडं दिसलं.

त्यानंतरही एका वेळी एकच बदल करायचा. चावी अगदी थोडी, कडधान्याच्या दाण्याएवढी फिरवायची आणि 24 तास थांबायचं. आतलं पाणी मानेच्या तळाशी, कप जिथं बसतो त्या सांध्याजवळ आलं की तिथंच सोडून द्या. हवेची चावी मात्र सुरुवातीला अजिबात कमी करू नका. बुडबुडे कमी म्हणजे मळी कमी, गणित साधं आहे.

या दिवसांत स्किमरचं अंग आतून घासू नका, नाहीतर जो थर बसावा म्हणून वाट बघतोय तोच आपण काढून टाकतो. फक्त मानेची आतली बाजू आणि कप दोन-तीन दिवसांनी पुसा. मानेवर राप चढला की फेस तिथंच मोडतो.

कपाची नळी आणि उतरणारं मीठ

ओला हॉल पुसून कोरडा होतो. पण कप वाहण्यामुळं होणारं खरं नुकसान दिसत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

कप वाहतोय म्हणून लोक त्याच्या तळाची नळी वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडतात आणि निर्धास्त झोपतात. रात्रभर स्किमर खारं पाणी कॅनमध्ये ओततो. तिकडं आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राला वाटतं पाणी उडालं, ते आरओचं गोडं पाणी भरत राहतं. एकूण 200 लिटरचा टँक धरा, क्षारता 35 पीपीटी, म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ. वीस लिटर खारं गेलं आणि वीस लिटर गोडं आलं की क्षारता 31.5 वर येते. मासे कदाचित सोसतील, प्रवाळ आणि कोळंबी एका रात्रीतला एवढा फरक सहज सोसत नाहीत. पातळी मात्र रेघेवरच असते, त्यामुळं सकाळी काही घडलंय असं वाटतच नाही.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात कपाची नळी परत संपातच सोडा. घाण परत जाते, जाऊ दे. अजून ती फारशी निघतही नसते. स्किमर स्थिरावल्यावरच नळी बाहेरच्या डब्यात न्या, आणि तो डबा दोन लिटरपेक्षा मोठा नको. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरनं (क्षारता मोजायच्या उपकरणानं) एकदा बघा. (डब्यातला तो काळा काढा कुंडीत ओतू नका, मिठानं झाड जळतं.)

फेस उसळवणाऱ्या आणि मारणाऱ्या गोष्टी

गोड्या पाण्याचे मासे पाळलेल्यांना पाणी बदललं की क्लोरीन मारायचं औषध घालायची सवय असते. त्यातल्या अनेक औषधांत माशांच्या अंगावरचा चिकटा वाढवणारे पदार्थ असतात, आणि त्यांनी स्किमर दोन-दोन दिवस वेड्यासारखा उसळतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं तेव्हा तर हात आपोआप त्या बाटलीकडं जातो. नळाचं पाणी आरओनं चांगलं गाळून, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ आणून वापरत असाल तर त्या बाटलीची गरज नाही. प्रवाळ चिकटवायची एपॉक्सी, माशांची औषधं, नुकतंच कालवलेलं मीठ यांनीही असंच होतं. अशा दिवशी कप काढून ठेवा किंवा चावी पूर्ण उघडा, आणि उतरायची वाट बघा.

उलट बाजूला तेल. डोक्याला खोबरेल लावलेले हात संपात घातले की उभा फेस काही मिनिटांत बसतो. फ्रोजन खाद्यातला तेलकट रसही तेच करतो, तो गाळणीत आरओच्या पाण्यानं धुऊन मगच घाला. जेवण घातल्यावर फेस तासभर खाली जाणं हे रोजचंच आहे, त्यावर इलाज शोधू नका.

आणि हवा. स्किमर दिवसभर घरातली हवा पाण्यात घुसळतो, हे आपण विसरतो. टँक स्वयंपाकघराच्या दाराशी असेल तर फोडणीची वाफ, देवघराजवळ असेल तर धूप आणि कापूर, सगळं त्या नळीतून आत ओढलं जातं. डासांच्या औषधाबद्दल तर मी हात जोडून सांगतो. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं कोळंबी, खेकडे आणि माशांना अतिशय विषारी असतात. टँकच्या खोलीत ती लावूच नका, मच्छरदाणी वापरा. हवेची नळी खिडकीबाहेर काढली तर उत्तमच. बंद घरात कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, तोही बाहेरच्या हवेनं सावरतो. फक्त गल्लीत महापालिकेची धूर फवारणी आली की स्किमर बंद करून खिडकी लावून घ्या.

लाइट जाऊन आल्यावर

परतीचा पंप थांबला की वरच्या टँकचं थोडं पाणी संपात उतरतं आणि पातळी चढते. लाइट आल्यावर दोन्ही पंप एकदम सुरू होतात, स्किमर त्या खोल पाण्यात उसळी घेतो आणि साचलेली सगळी घाण कपाबाहेर. स्किमरच्या प्लगला पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू होणारा टायमर लावा. इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप ठेवा, स्किमर नको. घरी कुणी नसताना हे घडतं, म्हणून आई-बाबांनाही कोणता प्लग आधी आणि कोणता नंतर ते दाखवून ठेवा. आमच्याकडं प्लगवर लाल आणि हिरवी चिकटपट्टी आहे.

कप रिकामाच, तरी बिघाड नाही

नव्या टँकमध्ये दोन क्लाउनफिश आणि थोडे दगड असतील, तर काढायला आहेच काय? त्यातून दुकानदारानं 200 लिटरच्या टँकला 600 लिटरच्या टँकसाठीचा स्किमर गळ्यात मारला असेल तर फेस धरायला पुरेशी घाणच मिळत नाही. मोठा तो चांगला, हा सल्ला इथं चुकतो. कप भरावा म्हणून जास्त खाद्य घालणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. विरघळलेलं नायट्रेट स्किमर काढत नाही. नायट्रेट होण्याआधीची घाण तो काढतो, आणि ती नसेल तर त्याचा कप रिकामाच शोभतो.

चार आठवडे झाले, मासे पुरेसे आहेत, पातळी रेघेवर आहे आणि तरी मानेत फेस धरत नाही, तर मग यंत्राकडं बघा. आधी हवेची नळी: तिच्या तोंडाशी मिठाचा खडा बसतो, कोमट पाण्यानं सुटतो. नळीच्या टोकावर बोट ठेवल्यावर ओढ जाणवली पाहिजे आणि पंपाचा आवाज बदलला पाहिजे. ओढ नसेल तर पंप उघडून काटेरी चकती बघा, एखादा शंख, वाळू किंवा तुटलेला काटा सापडतो. क्षारता मोजा, ती फार उतरलेली असेल तर बुडबुडे मोठे होतात. हे सगळं ठीक निघालं, की मग दुकानदाराला फोन करा, आणि चालू स्किमरचा व्हिडिओ, पाण्याची खोली व पंपावरच्या पट्टीचा फोटो सोबत पाठवा. त्याला विचारायचे तीन प्रश्न आधीच सुटलेले असतील.