लाकडाच्या वायूवर पिकअप : डांबराचा त्रास कसा थांबला

पिकअपला लाकडाच्या वायूची भट्टी, म्हणजे कमी हवेत लाकूड जाळून इंजिनासाठी ज्वलनशील वायू बनवणारी भट्टी, जोडल्यावर सुरुवातीला गाडी उत्तम चालली. पण काही दिवसांनी थंड इंजिन सुरूच होईना, आणि उघडून पाहिले तेव्हा वायू इंजिनात आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यांवर काळे, चिकट डांबर घट्ट बसलेले दिसले. फिल्टर बदलूनही उपयोग झाला नाही, कारण दोष लाकडात होता. ओलसर लाकडातील पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते, भट्टीच्या गळ्यातील (अरुंद भागातील) निखारे सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापत नाहीत आणि तेथे विघटित व्हायला हवे ते डांबर वायूबरोबर थेट इंजिनात जाते. तेव्हापासून मी नमुन्याचे तुकडे तोलतो, वजन घटायचे थांबेपर्यंत ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलतो आणि ओलावा २० टक्क्यांखाली असेल तरच तो साठा वापरतो. भुसा व बारीक ढलप्या मात्र पूर्ण वर्ज्य. त्यांनी भट्टीतील वायूची वाट तुंबते. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळत असल्याने ठिणगीची वेळही थोडी आधी घेतली. व्हॉल्व्ह आता स्वच्छ आहेत. वायूत वासरहित, प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड असल्याने भट्टी मी नेहमी उघड्यावरच पेटवतो.