मोर्चाचा फलक आणि पुराची पाटी : या चुका टाळा

कोल्हापुरात दसरा चौकातून निघालेला मोर्चा समोरून जातो, तेव्हा रस्त्याकडेच्या माणसाला एक फलक वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. तरी आपण त्यावर पाच मागण्या, संघटनेचं लांबलचक नाव आणि वर नेत्यांचे फोटो कोंबतो. एका फलकावर एकच मागणी लिहा. ढोबळ हिशेब असा, की दर 10 फुटांना निदान 1 इंच उंचीचं अक्षर. 40 फुटांवरून वाचायचं असेल तर 4 इंच. नेत्यांचे फोटो काढून टाका म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं जड जातं, पण सांगाच.

पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध फ्लेक्स लावणं मला पटत नाही. ते प्लास्टिक चार दिवसांनी नाल्यात आणि तिथून नदीतच जातं. कापडावर एकरंगी स्क्रीन प्रिंट करा. 1968 साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी कला महाविद्यालयातच अशी साधी पोस्टरं छापली होती. प्रेसला फाईल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांमध्ये) बदलून द्या, नाहीतर फॉन्ट बदलतो आणि वेलांट्या उडतात. माझी एकदा सगळी छपाई अशीच वाया गेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुराच्या पाटीवर, म्हणजे पाणी कुठवर येतं ते सांगणाऱ्या पाटीवर होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हे आकडे आपल्याला पाठ आहेत, पण सुतारवाड्यातल्या आजींना ‘43 फूट’ म्हणजे घरातलं धान्य कधी हलवायचं हे कळत नाही. त्यांना स्वतःची पायरी कळते. म्हणून संगणकावर बसण्याआधी गल्लीत जा. 2005, 2019, 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. तिथंच रेघ मारा आणि शेजारी साल लिहा. बंधाऱ्यावर किती फूट झाले की या पायरीला पाणी लागतं, ते महापालिकेच्या आपत्ती विभागाकडून तपासून घ्या आणि मगच रंगवा.

अंदाजाने आकडा लिहू नका. चुकीच्या रेघेवर विसंबून कुणी घरात थांबलं तर काय होईल?

पुरात वीज जाते, म्हणून रंग बॅटरीच्या उजेडात चमकणारा हवा. रेघ रंगवून झाली की एकदा रात्री बॅटरी घेऊन तिथं उभे राहा आणि त्या आजींनाच वाचायला सांगा.