त्रिकालाला चार रात्री

ग्रीसला चाललोय म्हटल्यावर ठाण्याच्या तळावपाळीवरच्या आमच्या फिरण्याच्या गटात सगळ्यांनी सँटोरिनी बेटाचंच नाव घेतलं. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, सूर्यास्त. मी म्हटलं, त्रिकालाला चार रात्री राहणार. त्यावर एक जण म्हणाल्या, "त्रिकाळ? संध्या करायला चाललात की काय?"

त्रिकाला हे थेसलीच्या मैदानातलं जिल्ह्याचं गाव. समुद्र नाही, बेट नाही. अथेन्सपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. तिथले लोक नाव घेताना पहिल्या अक्षरावर जोर देतात, "त्रीकला" असं ऐकू येतं. बहुतेक प्रवासी पलीकडच्या मेटेओराचे सुळके आणि त्यांवरचे मठ बघायला कालांबाका गावात उतरतात आणि त्रिकाला बसच्या खिडकीतून बघतात. तुम्ही उलटं करा. मुक्काम त्रिकालात ठेवा आणि मेटेओराला एक दिवस जाऊन या. गावाला पर्यटकांची सवय कमी, म्हणून तुम्हाला गावाच्या वेळापत्रकाप्रमाणे वागावं लागतं. हे कसं करायचं तेवढंच सांगते, कारण आम्ही ते चुकत चुकत शिकलो.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उन्हाळी सुट्टीचं ठरवत असाल तर दिवाळीतच सुरुवात करा. त्रिकालाच्या हॉटेलचं बुकिंगही अर्जात लावा.

आता कधी जायचं. जुलै-ऑगस्टात नको. थेसलीचं मैदान डोंगरांच्या मधल्या परातीसारखं आहे, पारा चाळिशी ओलांडतो. मे चांगला, ऑक्टोबर त्याहून चांगला. डिसेंबरात तिथे जुन्या पिठाच्या गिरणीत नाताळची मोठी जत्रा भरते, सगळ्या ग्रीसमधून मुलंबाळं येतात. नातवंडं बरोबर असतील तर तेव्हा जा, नसतील तर टाळा. आम्ही दिवाळी आटोपून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, आणि माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं ते कापसाने. माझं माहेर यवतमाळचं. वाटेतलं लामिया शहर सोडून घाट चढून बस पलीकडे उतरली आणि दोन्ही बाजूंना पांढरं शेत सुरू झालं. रस्त्याच्या कडेला, गवतात, कुंपणाच्या तारेवर कापसाचे पुंजके अडकलेले, अगदी आपल्याकडे जिनिंगच्या रस्त्यावर असतात तसे. वेचणी मात्र यंत्राने. माणूस एकही दिसला नाही शेतात.

फराळाबद्दल एक सूचना. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, श्रीखंडवडी, तुपाची बरणी घरीच ठेवा. चकली, तेलातला चिवडा, भाजणी, मेतकूट चालतं. चहाची पूडही घ्या.

अथेन्स विमानतळावरून एक्स 93 ही बस थेट लांब पल्ल्याच्या बसस्थानकांवर नेते. दोन स्थानकं आहेत. त्रिकालाची गाडी लिओसिऑन नावाच्या स्थानकातून सुटते, दुसऱ्यावर उतरलात तर सामान घेऊन वणवण. ही बससेवा 'क्तेल'. एसटीसारखी वाटते, पण एसटी नव्हे. बसमालकांच्या सहकारी संस्था आहेत आणि जवळपास प्रत्येक जिल्ह्याची वेगळी, म्हणून तिकीटखिडकीही वेगळी. त्रिकालाच्याच खिडकीसमोर उभं राहा. साडेचार-पाच तास लागतात, मध्ये चहापाण्याला थांबा असतो. रेल्वेही आहे, पण 2023 च्या सप्टेंबरात डॅनियल वादळाने हे मैदान पाण्याखाली घातलं तेव्हा रुळांचं फार नुकसान झालं. गाडी कुठपर्यंत जाते याची चौकशी केल्याशिवाय रेल्वेवर विसंबू नका.

पाट्या वाचण्याची भीती सोडा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि पहिल्यांदाच त्याचा असा रोकडा उपयोग झाला. पाय, थीटा, लॅम्डा, सिग्मा, डेल्टा, फाय ही मंडळी आपल्याला नववी-दहावीपासून ठाऊक आहेत. पाय म्हणजे प, लॅम्डा म्हणजे ल, फाय म्हणजे फ, सिग्मा म्हणजे स. घोळ घालतात ती इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं. पी दिसला की र म्हणायचं, एच दिसला की ई, बी दिसला की व. खानावळीवर आपल्या डोळ्यांना "टाबेपना" दिसतं, ते असतं ताव्हेर्ना. फायने सुरू होणारी पाटी आणि हिरवा क्रॉस म्हणजे औषधाचं दुकान. दोन दिवसांत हे (म्हणजे आमचे हे, ज्यांना दहावीला गणितात पस्तीस होते) दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायला लागले. लोक वळून बघत होते.

बोलण्यातला एक सापळा आहे. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो, आणि "ओही" म्हणजे नाही. पहिल्या सकाळी हे बेकरीत गेले, एका पॅटिसकडे बोट दाखवून विचारलं, "हॅम? मीट?" बाई हसून म्हणाल्या, "ने, ने!" ह्यांना वाटलं, ने म्हणतायत तर नेऊ या. चार घेऊन आले. चारांतही हॅम. शेवटी शेजारच्या बाकावरच्या दोन मुलांची चंगळ झाली. उलट नकाराची खूण आपल्या ओळखीची निघाली. भुवया उंचावून, मान किंचित मागे टाकून "च्यक्" करतात. आमची कामवाली रविवारी येणार का विचारल्यावर हुबेहूब असंच करते.

शाकाहारी माणसाने तिथे एक शब्द पाठ करावा, "निस्तीसिमो". उपवासाचं. ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरच्या आधी मोठा उपवास असतो, शिवाय एरवी बुधवार-शुक्रवारीही पाळणारे पाळतात, आणि त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. कोळंबी, माकुळ चालतात, तेव्हा तेवढं वेगळं विचारायचं. मी "व्हेजिटेरियन" म्हटलं की वाढपी मुलगा चिकनचा पर्याय सुचवायचा. निस्तीसिमो म्हटल्यावर तो आत गेला आणि त्याची आई बाहेर आली. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पातेल्यांची झाकणं उघडून दाखवली. एकात मोठे पांढरे वालासारखे दाणे टोमॅटोत शिजवलेले, त्यांना "यीगांतेस" म्हणतात. एकात भेंडी, एकात भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या. सगळ्यावर ऑलिव्ह तेलाचा तवंग, आपल्या मिसळीच्या कटावर असतो तसा, फक्त तिखटाचा पत्ता नाही. लाल तिखटाची छोटी डबी पर्समध्ये असू द्या. जंगली पालेभाजी उकडून वर लिंबू पिळून देतात, "होर्ता". ती रोज मागवली.

पाव न मागता येतो आणि बिलात लागतो, त्यावरून भांडू नका. शेवटी फळं किंवा गोड येतं ते बहुधा घरचं, त्याचे पैसे नाहीत. संध्याकाळी त्सिपुरो मागवलं (द्राक्षाच्या चोथ्याची दारू, ह्यांचा विषय) तर दर लहान बाटलीबरोबर काही ना काही खाण्याची बशी येते. रात्री नऊच्या आधी जेवायला गेलात तर खुर्च्या रिकाम्या असतात.

आणि आता दुकानं. इथे आम्ही फसलो, म्हणून नीट सांगते. लहान ग्रीक गावात कपडे, चपला, भांडी असली दुकानं सोमवार, बुधवार आणि शनिवारी फक्त दुपारपर्यंत उघडी. मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात. रविवारी बंद. दुपारच्या वेळी तर मोठ्याने बोलणंही शिष्टसंमत नाही, त्या शांततेची कायद्यानेच वेळ ठरलेली आहे. माझी जाऊ सदाशिव पेठेतली, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "शहाणी माणसं दिसतात."

आम्ही पोचलो शनिवारी दुपारी चार वाजता, आणि बसमधून उतरताना ह्यांच्या सँडलचा पट्टा तुटला. पुढचं दुकान उघडणार सोमवारी सकाळी. म्हणजे रविवारचं मेटेओरा ह्यांनी मिठाईच्या खोक्याची दोरी बांधलेल्या सँडलवर केलं. औषधांचं तसं नाही. बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी कोणतं दुकान पाळीला उघडं आहे त्याचा कागद लावलेला असतो. पाणी, बिस्किटं, बसचं तिकीट यासाठी कोपऱ्यावरची टपरी, "पेरीप्तेरो", आहेच.

त्या रविवारी आणखी एक गंमत झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो. ह्यांचं लग्नातलं मनगटी घड्याळ बदलत नाही. आणि हे मोबाइलवर विश्वास ठेवत नाहीत. स्टँडवर तासभर आधी पोचलो, कुत्रंसुद्धा नव्हतं. ठाण्याला फोन करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या दिवसापासून आपण अडीच नाही, साडेतीन तास पुढे.

मेटेओरा त्रिकालापासून वीसेक किलोमीटर, कालांबाकापर्यंत बस, पुढे वर चढायला दुसरी बस किंवा टॅक्सी. चोवीसपैकी सहा मठ आज नांदते आहेत. प्रत्येकाचा बंद असण्याचा वार वेगळा, तो आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. सहाही करायचा हट्ट नको, दोन पुरतात. महामेटेओरो मठाला शेकडो पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर आयिओस स्तेफानोस करा, तिथे लहानशा पुलावरून थेट आत जाता येतं. बायकांना विजार चालत नाही, स्कर्ट लागतो. माझा पंजाबी ड्रेस चांगला गुडघ्याखालपर्यंत होता, तरी दारावरच्या जोगिणीने सलवारीकडे बघून च्यक् केलं आणि गुंडाळायला एक फुलाफुलांचं कापड दिलं. साडी नेसून गेले असते तर प्रश्नच नव्हता.

गावात बघण्यासारखं काय, तर पहिलं म्हणजे नदी. लिथेओस गावाच्या मधून वाहते, काठाला झाडं, वर 1886 चा लोखंडी पूल, फक्त चालणाऱ्यांसाठी. संध्याकाळी सहानंतर सगळं गाव तिथे येतं. आजोबा, बाबागाड्या, नटलेल्या पोरी, एकाच रस्त्यावर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. याला ते "व्होल्ता" म्हणतात, आम्ही तळावपाळी म्हणतो. भेळ तेवढी नाही. एका कॉफीवर दोन तास बसा, बिल मागितल्याशिवाय कोणी आणत नाही आणि पाण्याचा ग्लास न मागता भरतात.

नदीच्या वर किल्ला, घड्याळाचा मनोरा, आणि त्याच्या पायथ्याशी वारूसी ही जुनी वस्ती. रस्त्यावर झुकलेल्या माड्यांची घरं, ती चालत बघा, सकाळी. सिनान या उस्मानी (ऑटोमन तुर्की) वास्तुविशारदाने सोळाव्या शतकात बांधलेली मशीद आहे, बाहेरून घुमट बघण्यासारखा. तिथून जवळ जुना तुरुंग, त्यात आता बुझुकी हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या वासिलिस त्सित्सानिसचं संग्रहालय. तो इथलाच, जन्म 1915 चा. तुरुंगाच्या खाली उस्मानी काळातलं हमामही सापडलं, तेही दाखवतात. एक दिवस जास्तीचा असला तर पीली गावाला जा, 1283 चं पोर्ता पानायिया चर्च आणि नदीवर एकाच कमानीचा जुना दगडी पूल आहे.

28 ऑक्टोबरला असाल तर सकाळी कुठेही जाऊ नका, रस्त्याच्या कडेला जागा धरा. 1940 मध्ये या दिवशी, आमचं सैन्य आत येऊ द्या म्हणणाऱ्या इटलीला ग्रीसने "ओही" म्हटलं, म्हणून त्या दिवसाचं नावच ओही. शाळांची संचलनं निघतात. निळे-पांढरे झेंडे, मुली पांढऱ्या ब्लाउजात, आणि झेंडा वर्गातल्या हुशार मुलांच्या हातात. एका तुकडीतल्या शेवटच्या ओळीतला मुलगा सारखा उजवा पाय आधी टाकत होता. मला राहवेना, मी कडेने "डावा, डावा" म्हटलं. तो दचकला आणि खरंच पाय बदलला. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दास्काला." शिक्षिका. मीही तसंच केलं. "ने, ने!" म्हणाल्या.

येताना फार्सालाचा हलवा आणा. फार्साला हे त्याच मैदानातलं गाव. कॉर्नफ्लोअर, साखर, लोणी, बदाम. आपल्या कराची हलव्यासारखा थरथरणारा, पण वर जळक्या साखरेची कडक पापडी. निघायचा दिवस मात्र बघून ठरवा. आमची बस बुधवारी दुपारची होती, म्हणून सकाळी मिळाला. दोन किलो घेतला, दोरी बांधलेल्या खोक्यात. ह्यांनी ती दोरी सोडवून जपून खिशात ठेवली.